ओट्यावरून जाणारी रेषा

जुन्या नगरातल्या एखाद्या गल्लीत कुणाच्या ओट्यावर बसून चपला काढत असाल, तर तुम्ही त्या घरी पोचलाच आहात असं समजू नका. कदाचित तुम्ही अजून रस्त्यातच आहात. डोक्यावर छप्पर आहे, पायाखाली शहाबादी फरशी आहे, कोपऱ्यात तुळशीची कुंडी आहे, घरमालक वर्षानुवर्षं घरपट्टी भरतो आहे. तरीही महापालिकेच्या नगररचना विभागातल्या एखाद्या नकाशावर ती जागा रस्त्याची असू शकते. रस्ता अजून तिथवर आलेला नाही, इतकंच.

रस्त्याची ही हद्द ठरवणाऱ्या रेषेचं कायद्यातलं नाव रस्त्याची नियमित रेषा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 210 नुसार आयुक्त कोणत्याही सार्वजनिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना अशी एकेक रेषा आखू शकतात. आधीची रेषा बदलून नवी आखायची असेल, तर जाहीर नोटीस द्यायची, हरकती मागवायच्या, स्थायी समितीची मंजुरी घ्यायची. मग ती रेषा नकाशावर पक्की होते. जागेवर तिचा मागमूस नसतो. भिंतीवर खूण नाही, जमिनीत दगड नाही. कधीतरी मोजणीवाले येऊन लाल रंगाने बाण मारून जातात आणि दोन दिवाळ्यांच्या रंगरंगोटीत तोही पुसला जातो. रेषा मात्र पुसली जात नाही. ती माजघराच्या उंबऱ्याशी, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर किंवा दुकानाच्या गल्ल्यावरून जात असते आणि वाट बघत असते.

वाट बघत असते हे उगाच अलंकारिक लिहिलेलं नाही. ही रेषा चालतेच वाट बघण्याच्या तत्त्वावर. ते तत्त्व कळलं की जुन्या पेठांतल्या लोकांचा महापालिकेवरचा राग, तिथली घरं नीट दुरुस्त का होत नाहीत आणि गल्ली अशी वेडीवाकडी, एक घर पुढे तर दोन मागे अशी का, या साऱ्याचा उलगडा एकाच ठिकाणी होतो.

मूळ कल्पना जुनी आहे आणि तिची सर्वांत नितळ आवृत्ती फ्रान्समध्ये सापडते. राजा चौथा हेन्री याने 1607 साली हुकूम काढला की रस्त्याला लागून काहीही बांधायचं असेल, तर आधी रस्त्यांच्या अधिकाऱ्याकडून रेषा मागून घ्यावी. पुढे नेपोलियनच्या काळात, 16 सप्टेंबर 1807 च्या कायद्याने, शहरांना अशा रेषांचे नकाशे करायला लावले. आता रस्ता रुंद करायचा म्हणजे घरं विकत घेऊन पाडायची, आणि तेवढा पैसा कुणाच्या तिजोरीत असतो? फ्रेंचांनी मग काळालाच कामाला लावलं. रेषेच्या पुढे आलेलं घर पाडायचं नाही. मालकाला तिथे खुशाल राहू द्यायचं. फक्त एक गोष्ट करू द्यायची नाही: ती पुढची भिंत बळकट करायची नाही. टेकू नाही, नवा दगड नाही, चुन्याची डागडुजी नाही. भिंत एक ना एक दिवस आपल्या मरणाने मरेल आणि नवी बांधताना मालक आपोआप मागे सरकेल. घराची किंमत न मोजता रस्ता रुंद करण्याची ही युक्ती मला वाचल्यापासून भारी वाटत आली आहे, आणि तितकीच निर्दयही.

मुंबईच्या 1888 च्या महापालिका कायद्यात ही रेषा आहे. 1949 साली मुंबई प्रांतातल्या इतर महानगरपालिकांसाठी कायदा झाला, त्यातही ती आली. तोच कायदा आज नाव बदलून मुंबई सोडून राज्यभरच्या महानगरपालिकांना लागू आहे. नगरची नगरपालिका 1854 सालची, देशातल्या जुन्यांपैकी एक. 2003 साली तिची महानगरपालिका झाली आणि हा कायदा जसाच्या तसा शहराला लागू झाला. (2024 साली शहराचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. जुन्या उताऱ्यावर अहमदनगर, नव्या नोटिशीवर अहिल्यानगर आणि बोलताना सगळ्यांच्या तोंडी नुसतं नगर, अशी सध्याची अवस्था आहे. मीही नगरच म्हणणार.)

आपल्या कायद्यात फ्रेंचांसारखी दुरुस्तीची सरसकट बंदी नाही. आपल्याकडचा सापळा जास्त बारकाईने विणलेला आहे. कलम 211 वाचावं. रेषेपुढे आलेली इमारत अर्ध्याहून जास्त पाडून पुन्हा बांधायची असेल, तर आयुक्त तुम्हाला रेषेपर्यंत मागे सरकायला सांगू शकतात. आता हे अर्धं कसं मोजायचं? जमिनीच्या वरचा भाग घ्यायचा आणि तो घनफुटांत मोजायचा. पिढ्यान् पिढ्यांचा, दोन चौकांचा वाडा. त्याच्या भिंती, पोकळी, माळा, जिना सारं घनफुटांत मांडून त्याचा निम्मा आकडा काढायचा आणि त्या आकड्याच्या अलीकडे राहायचं. रेषेपुढे आलेल्या भागात रचना बदलायची म्हटली, तरी हेच कलम आडवं येतं. आणि त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की अशी इमारत पडली, जळली, किंवा कुणाच्याही हुकमाने पाडली गेली, तर रेषेपुढच्या जमिनीचा ताबा महापालिका लगेच घेऊ शकते. हुकूम खुद्द आयुक्तांचा असला तरी.

हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवून आता घराकडे वळू.

जुन्या नगरचं जुनं घर म्हणजे मुळात माती. 1490 मध्ये अहमद निजामशहाने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढच्या काही वर्षांत त्याच परिसरात नवी राजधानी वसवली. राजवाडे आणि मशिदी दगडाच्या झाल्या, प्रजेची घरं मातीची. शहराभोवती पुढे कोट बांधला, वेशी आल्या. माळीवाडा वेस, दिल्ली दरवाजा अजून उभे आहेत. त्या वेशींच्या आत नालेगाव, सर्जेपुरा, तोफखाना, बागडपट्टी, दाळमंडई, कापडबाजार असे भाग दाटत गेले. आजचे वाडे निजामशाहीतले नव्हेत, बहुतेक पेशवाईनंतरचे किंवा इंग्रजी अमदानीतले. पण बांधण्याची रीत तीच: खाली दगडाचं जोतं, वर दोन-अडीच फूट रुंदीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, सागाचे खांब, तुळया, आणि माथ्यावर माळवद.

माळवद ही खरोखर नवलाची चीज आहे. लाकडी तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर मातीचा थर. म्हणजे घराच्या डोक्यावर अक्षरशः शेत. मातीचं छप्पर पावसात कसं टिकतं? नगर पर्जन्यछायेत आहे म्हणून. सह्याद्री ओलांडताना ढगांची निम्मीशिम्मी झोळी रिकामी होते. कोकणात जेवढा पाऊस एखाद्या जोरदार महिन्यात पडतो, तेवढा नगरला सबंध वर्षातही पडत नाही. कमी पावसात चिवट, खारवट माती वरून ओलावते, फुगते, तिच्या भेगा बुजतात आणि खाली पाणी उतरत नाही. पाऊस कमी असलेल्या मुलखाने शोधलेलं हे छप्पर आहे, आणि उन्हाळ्यात त्याच्याखालचा गारवा ज्याने अनुभवला त्याला वातानुकूलनाचं कौतुक सांगू नये.

त्याची किंमत वजनात मोजावी लागते. दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीवर एक फूट जाडीची माती म्हणजे शंभर घनफूट, साधारण साडेचार टन. पाणी मुरलं की त्यात आणखी अर्धा-पाऊण टनाची भर. हे सगळं चार-पाच तुळयांवर. म्हणून माळवदाला निगा लागते: मे महिन्यात वर चढायचं, उगवलेलं गवत उपटायचं, नवी माती टाकून चोपायची, पन्हाळी मोकळी करायची. ते काम येणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. लोकांनी त्यावर उपाय म्हणून पत्रे टाकले, डांबराचा थर दिला किंवा सरळ सिमेंटचा कोबा केला. कोब्याने वजन आणखी वाढलं.

मातीची भिंत उभी कशी राहते, हेही बघण्यासारखं आहे. कोरडी दिसणारी भिंत पूर्ण कोरडी नसते. चिकणमातीच्या कणांमध्ये पाण्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे असतात आणि त्यांच्या ताणामुळे कण एकमेकांकडे ओढले जातात. हाच तिचा डिंक. पाणी थोडं असेल तोवर ताण जबर. पाणी वाढलं की तो ताणच नाहीसा होतो आणि तीच भिंत स्वतःच्या वजनाने खाली बसते. म्हणजे भिंतीला ओल हवी, पण अगदी मोजून. शेकडो वर्षं हा तोल सांभाळला गेला, कारण भिंतीत शिरलेली ओल दोन्ही अंगांनी हवेत उडून जायची.

मग दोन गोष्टी घडल्या. निजामशाहीत नगरला खापरी नळांनी पाणी येई. भोवतालच्या टेकड्यांच्या पायथ्यापासून, कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा गावांकडून जमिनीखालून भाजलेल्या मातीचे नळ शहरातल्या हौदांपर्यंत आणले होते. घरात पाणी यायचं ते घागरीने. आता मुळा धरणाचं पाणी नळाने थेट स्वयंपाकघरात येतं. त्याचबरोबर मोरी, न्हाणीघर आणि संडास मातीच्या भिंतीला चिकटून आले. दुसरी गोष्ट, भिंत ओल धरते म्हणून लोकांनी तिला सिमेंटचा गिलावा केला. बाहेरून घर ठणठणीत दिसायला लागलं. पण सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही. ती आत कोंडली, वर चढली, बरोबर आलेल्या क्षारांनी मातीचे कण सुटे केले. दहा वर्षांनी गिलाव्याचा पोपडा पडतो तेव्हा मागची माती पिठासारखी झालेली असते. चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीने घर आतून पोखरलं जातं आणि बाहेरून बघणाऱ्या अभियंत्याला शेवटपर्यंत ते कळत नाही.

आता नोटीस. पावसाळ्याच्या तोंडावर राज्यातल्या सगळ्या महापालिकांप्रमाणे नगरचीही महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा बजावते. कलम 264: इमारत मोडकळीस आली आहे किंवा पडण्याजोगी आहे असं आयुक्तांना वाटलं, तर ती पाडा, बळकट करा किंवा दुरुस्त करा असं लेखी कळवायचं. 2015 साली राज्याच्या नगरविकास विभागाने यासाठी प्रतवारी ठरवून दिली. सी-1 म्हणजे तात्काळ रिकामी करून पाडा. सी-2ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-2बी म्हणजे माणसं आत ठेवून दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ काम. तीस वर्षं ओलांडलेल्या इमारतींच्या मालकांनी स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं अपेक्षित आहे. हा ऑडिटर बहुतेक सिमेंट-सळईच्या इमारती शिकलेला असतो. त्याच्याकडची उपकरणं काँक्रीटवर आपटून आवाज ऐकणारी असतात. पांढऱ्या मातीच्या भिंतीवर आपटली तर ती काय बोलणार?

वेळापत्रकाचीही गंमत आहे. नोटीस येते मे-जूनमध्ये, कारण सरकारी कॅलेंडरात पावसाळा जूनला सुरू होतो. नगर जिल्ह्यात मात्र पावसाचा जोर सप्टेंबरला असतो. जून-जुलैच्या भुरभुरीत भिंती हळूहळू ओल पितात आणि परतीच्या पावसात बसतात. तोवर नोटिशीचा कागद देवघराच्या फडताळात जाऊन तीन महिने झालेले असतात आणि पत्रकार दुसऱ्या बातम्यांकडे वळलेले असतात.

नोटीस मिळालेल्या मालकाच्या जागी क्षणभर उभे राहा. घर पाडलं तर कलम 211 नुसार पुढचे चार-पाच फूट रस्त्याला गेले. प्लॉट जर बारा फूट रुंद आणि पन्नास फूट लांब असेल, आणि दुकान त्या पुढच्या पाच फुटांतच असेल, तर गेलेला भाग दहा टक्के जमिनीचा आणि शंभर टक्के पोटापाण्याचा. नवं बांधायचं तर नकाशा मंजूर करून घ्यायचा. 2020 सालच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत दाट वस्तीला सवलती आहेत, पण मोकळी जागा, जिन्याची रुंदी, पार्किंग हे प्रश्न बारा फुटांतही पाठ सोडत नाहीत. न पाडावं तर कागदोपत्री तुम्ही धोकादायक इमारतीत स्वतःच्या जबाबदारीवर राहताय. नोटिशीचा तोच खरा उपयोग: उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची, हे तिने आधीच लिहून ठेवलेलं असतं. महापालिकेत काम करणाऱ्यांनाही हे पुरेपूर ठाऊक असतं.

त्यातून हे घर एकटं नाही. जुन्या गल्लीतली घरं पंगतीत मांडीला मांडी लावून बसलेली असतात. मधला उठला की दोन्ही बाजूंचे कलंडतात. दोन वाड्यांमध्ये एकच सामाईक भिंत, तिच्यात दोन्हीकडच्या तुळया घुसवलेल्या. एक वाडा पाडला की दुसऱ्याच्या तुळयांची टोकं उघड्यावर येतात, इतकी वर्षं घरात असलेली भिंत पावसाला सामोरी होते आणि बाजूचा आधारही जातो. नोटीस काढणारा एका मालमत्ता क्रमांकाला नोटीस काढतो. पडायची मात्र तीन घरं.

आणि इथे कायद्याच्या पोतडीतून आणखी एक अजब वस्तू निघते. 1882 च्या भारतीय सुखाधिकार अधिनियमाचं कलम 15 म्हणतं की एखाद्या घराने शेजारच्या जमिनीचा किंवा तिच्यावरच्या बांधकामाचा आधार वीस वर्षं शांतपणे, अखंड, हक्क म्हणून घेतला असेल, तर तो आधार मिळत राहण्याचा हक्क पक्का होतो. म्हणजे शेजाऱ्याच्या घराला टेकून उभं राहण्याचा माझ्या घराला कायदेशीर हक्क आहे! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. एक कायदा शेजाऱ्याला सांगतो घर पाड, दुसरा कायदा मला सांगतो की त्या घरावर टेकण्याचा तुझा हक्क आहे, आणि दोन्ही कागद एकाच दिवाणी न्यायालयात एकमेकांसमोर येऊ शकतात. आले तर किती वर्षं लागतील ते वेगळं सांगायला नको.

मालक आणि भाडेकरू यांचा भाग आता थोडक्यात, कारण तो सगळ्यांना तोंडपाठ आहे. जुन्या वाड्यात भाडेकरू असतातच, आणि भाडं असतं चेष्टेचं. समजा, 31 मार्च 2000 ला, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला तेव्हा, भाडं महिना साठ रुपये होतं. कायद्याने मालकाला दरवर्षी चार टक्के वाढ दिली. ती न चुकता घेतली तरी पंचवीस वर्षांनी भाडं होतं एकशेसाठ. मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूला कायद्याने तोड दिली आहे: पंधरा दिवसांची नोटीस द्या, स्वतः दुरुस्ती करा, खर्च भाड्यातून वळता करा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. एकशेसाठ रुपयांच्या हिशेबाने वर्षाला चारशेऐंशी. सिमेंटची एक गोणी येते, गवंड्याचा चहा सुटत नाही.

भाडेकरू घर सोडत नाही, कारण एकदा बाहेर पडलो की परत येता येणार नाही ही धास्ती. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या एका इमारतीच्या प्रकरणात ठरवलं की इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, कारण भाडेपट्टा जमिनीचाही असतो. हा निकाल भाडेकरूंना मोठा दिलासा आहे. पण निकालावर विसंबून सामान बांधणारा भाडेकरू अजून माझ्या बघण्यात आलेला नाही. मालकही एकटा नसतो. आजोबांच्या नावचा उतारा, वारस पुणे-मुंबई-सुरतेला, निम्म्यांची नोंदच नाही. बांधकाम परवानगीच्या अर्जावर सह्या कुणाकुणाच्या घ्यायच्या इथेच वर्ष जातं.

आता रागाकडे. जुन्या पेठांतल्या माणसाला नियम कडक आहेत याचा तेवढा राग नाही. राग आहे तो नियम कुणाला लागतो याचा. अंमलबजावणीची यंत्रणा घरोघर फिरून बघत नाही. तेवढी माणसं कुठल्याच महापालिकेत नाहीत. तिला घर दिसतं ते दोनच वेळा: तुम्ही अर्ज केलात तर, नाहीतर शेजाऱ्याने तुमच्याविरुद्ध अर्ज केला तर. जो रीतसर परवानगी मागायला जातो त्याची फाइल उघडते, आणि फाइल उघडली की रेषा, मोकळी जागा, वारस, पार्किंग, मागची थकबाकी सगळं एकदम बाहेर येतं. जो शनिवारी संध्याकाळी पत्र्याआड गर्डर चढवून सोमवारपर्यंत स्लॅब टाकून मोकळा होतो, तो यंत्रणेला दिसत नाही. पुढे दिसला तर कलम 267-अ खाली त्याला दरवर्षी घरपट्टीच्या दुप्पट दंड लागतो. त्या दंडाने बांधकाम कायदेशीर होत नाही, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे. पण तो दंड भरत तो दुकान चालवतो आणि शेजारी परवानगीची वाट बघत माळवदावर ताडपत्री ओढतो. मला विचाराल तर जुन्या नगरच्या दुखण्याचं मूळ इथे आहे. ज्या नियमाला विचारणाराच सापडतो, तो नियम लोकांना विचारू नका हेच शिकवतो.

महापालिकेची बाजूही आहे, आणि ती नुसती सबब नाही. गल्ल्या खरोखरच अरुंद आहेत. जी मलिक-ए-मैदान तोफ आज विजापूरच्या बुरुजावर पर्यटक हात लावून बघतात, ती सुमारे पंचावन्न टनांची तोफ 1549 साली नगरला ओतली आणि इथून बाहेर नेली. त्याच शहरातल्या कित्येक गल्ल्यांत आज अग्निशामक दलाची गाडी वळत नाही. कापडाची दुकानं, लाकडी माळे, लोंबकळत्या तारा हे सगळं एका ठिणगीच्या अंतरावर. रस्ता रुंद हवाच. आणि धोकादायक इमारतींकडे कानाडोळा केला तर काय होतं हे राज्याने पुन्हा पुन्हा पाहिलंय: 2017 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत भेंडीबाजारालगतची हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसं गेली. 2020 च्या ऑगस्टमध्ये महाडला तारिक गार्डन पडली आणि सोळा जण गेले. ती तर पुरती दहा वर्षांचीही नव्हती. त्यानंतर महिन्याभरात भिवंडीला जिलानी इमारत. आयुक्तांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने नोटीस काढली नाही तर उद्या गुन्हा त्याच्यावर दाखल होऊ शकतो. म्हणून नोटीस निघते. तिचं पुढे काय होतं, हे बघायला मात्र कायद्याने कुणाला खास नेमलेलं नाही.

नगरमध्ये याखेरीज दुसरीही एक न दिसणारी रेषा आहे, आणि ती महापालिकेच्या हातातली नाही. फराहबाग, दमडी मशीद, सलाबतखानाची कबर अशा केंद्रीय पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेल्या वास्तू शहरात आणि भोवताली आहेत. 2010 च्या दुरुस्तीनंतर अशा वास्तूच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित. शंभर मीटरच्या आत दुरुस्तीला परवानगी मिळू शकते, पण पाडून नवं बांधायला नाही. ज्याच्या घराला सी-1 ची नोटीस आली आणि घर या वर्तुळात आहे, त्याला एक खातं पाड म्हणतं आणि दुसरं बांधू नको म्हणतं. दोघेही आपापल्या कायद्याने बरोबर.

वाटा आहेत, नाहीत असं नाही. भाडेकरू असलेल्या जुन्या, धोकादायक इमारतींच्या पुनर्विकासाला एकात्मिक नियमावलीत जादा चटईक्षेत्र दिलं आहे. तीन-चार वाडे एकत्र करून बांधले तर बारा फुटांचा पेच सुटतो, सामाईक भिंतीचा तंटाही उरत नाही. पण त्यासाठी चार घरांचे सगळे वारस, सगळे भाडेकरू आणि एक असा बिल्डर लागतो ज्याला सावेडीसारख्या उपनगरातला मोकळा प्लॉट सोडून नालेगावातल्या गल्लीत ट्रक घालायची हौस आहे. दुसरीकडे, नगरच्या उपनगरांत गुंठेवारीत, म्हणजे बेकायदा तुकडे पाडलेल्या जमिनींवर, झालेल्या बांधकामांना नियमित होण्याची संधी कायद्याने दोनदा दिली, 2001 मध्ये आणि 2021 मध्ये. रेषेपुढे आलेल्या जुन्या वाड्यांना अशी संधी कुणी दिली नाही, कारण ते बेकायदा नव्हतेच. रेषेच्या आधीचे होते.

घराला हात लावण्याआधी मालकाने एक काम जरूर करावं: नगररचना विभागात अर्ज देऊन आपल्या सिटी सर्व्हे नंबरचा विकास आराखड्यातला भाग-नकाशा मागावा, रस्त्याची रेषा मंजूर आहे का आणि असल्यास कधीची हे लेखी विचारावं, आणि भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीशी ते ताडून बघावं. सिटी सर्व्हेचा नकाशा, आराखडा आणि जागेवरची भिंत हे तिन्ही जुळतीलच असं नाही. रेषा रीतसर मंजूर नसेल, तर तिच्या नावाने नुसत्या लाल बाणावर ओटा सोडायला सांगता येत नाही.

रेषा रीतसर असेल, तर गेलेल्या जागेची भरपाई कलम 216 खाली मिळते. रोख रकमेऐवजी विकास हक्क किंवा चटईक्षेत्र घेता येतं. बारा फुटांच्या प्लॉटवर ते चटईक्षेत्र कुठे रचायचं हा प्रश्न मालकाचा. रोख मागितलीत तर त्या कलमाची एक ओळ आधी वाचून जा: भरपाई ठरवताना उरलेल्या मालमत्तेची किंमत मागे सरकण्यामुळे वाढली किंवा घटली असेल, तर ती धरायची. रस्ता रुंद झाला की त्यावरच्या घराचा भाव वाढतो, हे तर कुणीही मान्य करील. तेव्हा ओट्याचा मोबदला मागायला गेलेल्या माणसाला समोरचा अधिकारी नियमाने विचारू शकतो, की ओटा गेल्यामुळे तुमचा फायदा किती झाला ते आधी सांगा.